पासवर्ड बदललेला नाही

४ मार्च

मेहुणेबुवा,

पाकिटावर ताईचं अक्षर दिसलं म्हणून तू हे उघडलंस. माझं असतं तर तसंच खणात गेलं असतं, हे मी ओळखून आहे. घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. माझं मनगट धरलंय, एवढंच. म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. (सांगताहेत हे, लिहितेय मी. माझ्याकडून कमीजास्त काही नाही. – ताई)

तू गेल्यापासून दोन वर्षांत मी तुला काही विचारलं नाही आणि आताही विचारत नाहीये. कामातली एक गंमत सांगतो. ऐकावीशी वाटली तर ऐक.

शीतगृहाचं काम आलंय. अख्खा रॅक भरून सर्व्हर, वापरलेले पण चांगल्या घरचे. ते ज्या खोलीत बसणार तिथं इतकी थंडी की माणूस उभा राहत नाही, मग मॉनिटरचा पडदा बघत कोण बसणार? म्हणून या सर्व्हरांना पडदा जोडायची खाचच ठेवलेली नाही. डिस्का कोऱ्या. वीज दिली की यांनी उठायचं, नेटवर्कवरून आपल्या कोपऱ्यातल्या आजीबाईकडे जायचं, तिच्याकडून यंत्र चालवणारी प्रणाली ओढून घ्यायची आणि स्वतःच्या डिस्कवर बसवायची. यांना जे काही बोलायचं ते पाठीमागच्या सिरियल पोर्टातून, एका केबलवरून, लॅपटॉपवर साध्या अक्षरांत. तुला हे सगळं पाठ आहे. पण ताईला न कळता लिहायला लावलं की ती मुद्दाम आडवंतिडवं लिहिते, म्हणून फोड करून सांगतोय. आजीबाई म्हणजे तूच बसवलेला तो जुना सर्व्हर, हेही तिला आत्ताच सांगितलं. इतके दिवस तिला वाटायचं, मी गिऱ्हाइकाच्या आजीबद्दल बोलतो.

शीतगृहाच्या मुख्य इंजिनियर बाई वीस तारखेला दुकानात येणार आहेत. एक सर्व्हर कोरा ठेवायचा आणि त्यांच्यासमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा करून दाखवायचा. फोनवर म्हणाल्या, "तुमच्या हातानं करा. ऐकलंय की तुमच्याकडे आता दुसरा माणूस राहिला नाही." मी हो म्हणालो. ताईला सांगून टाकलंय, हा सर्व्हर माझ्या हातानं उभा राहिला तर दुकान राहील. नाही राहिला तर शटर खाली, आणि किल्ली शेजारच्या भंगारवाल्याला. भंगारातून तांब्याच्या तारा सोलत वर आलो, तिथंच परत जाऊ, त्यात लाज कसली? (हा निर्णय यांनी एकट्यानं घेतलाय. – ताई)

आता गंमत. पहिल्या दिवशी लॅपटॉपवर प्रत्येक अक्षर दोनदा यायला लागलं. ताई वाचत होती, "एल एल, ओ ओ, ए ए, डी डी. अहो, हे यंत्र तोतरं आहे का?" मी केबल धरून बसलो होतो ना, म्हणून ती वाचत होती. मी ओळखलं. सर्व्हरच्या पोटात जन्मापासून असलेला प्रोग्रॅम आणि प्रणालीला उठवायला आजीबाईकडून आलेला बूटलोडर, दोघंही एकाच तारेवर एकच बातमी सांगत होते. लग्नात दोन मामा एकदम बोलतात तसं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये शिरून पहिल्या मामाला सांगितलं, पुढचं काम दुसऱ्याच्या हाती दिलं की तू गप्प बसायचं. तोतरेपणा गेला.

आणि मग सर्व्हर मुकाच झाला. सुरुवात झकास. मेमरी मोजतो, पत्ता मिळवतो, आजीबाईकडून फाइल ओढतो, "सुरू करतोय" म्हणतो. त्यानंतर एक अक्षर नाही.

बघ, सुचलं काही तर. न सुचलं तरी चालेल.

तुझा,
दाजी


९ मार्च

मेहुणेबुवा,

ताईच्या फोनवर तुझा निरोप आला. तिनं वाचून दाखवला, "वेग बघा." बस, एवढंच. दोन वर्षांनी दोन शब्द, म्हणजे वर्षाला एक. तुझी कंजुषी अजून शाबूत आहे, बरं वाटलं.

वेग बघितला. एकूण एक वेग लावून पाहिला. केबलच्या दोन टोकांचा वेग जुळला नाही की अक्षरांची भेळ होते, ते मला ठाऊक आहे रे, तुला मीच शिकवलं. ताई बिचारी वाचत बसली, "प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, उलटा वाय, चौकट, परत प्रश्नचिन्ह." शेवटी म्हणाली, "यापेक्षा माझ्या शिवणाच्या गिऱ्हाइकांची मापं बरी." मूळ वेगावर परत आणलं तर तेच. अर्धी वाट सुस्पष्ट, पुढं शुकशुकाट.

पण एक सांगतो. तो मेलेला नाही. मी डोकं त्याच्या पाठीला लावून ऐकलं. प्रणालीनं ताबा घेतला की पंख्याचा सूर खाली येतो, हे तू पण ऐकलंयस. आत कोसळलेल्या यंत्राचा पंखा बोंबलत राहतो. याचा खाली येतो आणि मग एका पट्टीत गुणगुणत राहतो. डिस्कही दोन टिचक्या मारते आणि थांबते. म्हणजे घरात माणूस आहे, चुलीवर काहीतरी आहे, फक्त हाकेला ओ देत नाही. तुझी ताई रागावली की असंच असतं. भांडी वाजतात, बोलणं नसतं. (हेही मलाच लिहायला लावलं. – ताई)

आता माझा संशय आजीबाईच्या पोटातल्या फाइलवर आहे. नव्या सर्व्हरला ती काय कानमंत्र देते, कुठल्या तोंडानं बोल म्हणून सांगते, ते त्या फाइलीत आहे. आजवर आपल्या सगळ्या सर्व्हरांना पडदा असायचा, सगळं पडद्यावर दिसायचं, त्यामुळे त्या फाइलीकडे बघायची वेळ आली नाही. आता बघावी तर तिला तुझं कुलूप. जाताना तू पासवर्ड बदलला असणार. मीही बदलला असता. निघून जाणारा माणूस किल्ली ठेवून जातो का?

मी मागत नाहीये. नुसती परिस्थिती सांगतोय.

तुझा,
दाजी

(मनगटाला काहीही झालेलं नाही. डोळे गेलेत. लॅपटॉप मीच वाचते, रोज. माझं शिवणाचं काम आठ-आठ दिवस पडून राहतं, तरी मी वाचते. पण वीस तारखेला मी शेजारी बसून वाचलं तर ते त्यांच्या हातचं काम कसं म्हणायचं? तुला काय करायचं ते तू कर. मी सांगितलं असं म्हणू नकोस. – ताई)


१३ मार्च

मेहुणेबुवा,

मागच्या पत्रात तुझ्या ताईनं शेवटी काय लिहिलं ते मला माहीत आहे. मी "तुझा, दाजी" म्हणून थांबलो आणि पेन तसंच चालू राहिलं. चांगल्या सहासात ओळी. मी पाणी पीत ऐकत होतो. ती शाई वाळायच्या आतच मला मजकूर कळला होता. आत्ता ती लिहायची थांबलीय. लिही गं. काही होत नाही.

तर ऐक. समोर बघितलं की मधोमध राखाडी भोक दिसतं. कडा शाबूत आहेत. माणसाकडे बघितलं तर त्याचं तोंड जातं आणि कान दिसतात. देवानं माझा हिशेब नीट ठेवलाय बघ. जन्मभर मी लोकांच्या तोंडापेक्षा आवाजावर भरवसा ठेवला, त्यानं तोंडंच काढून घेतली. डॉक्टर म्हणतात, आहे एवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. पुरुषासारखा पुरुष त्या खुर्चीत बसून "कोणतं अक्षर दिसतं?" या प्रश्नाला "कुठली ओळ?" असं उलटं विचारत होता. डॉक्टरही हसला.

तुला हे तेव्हाच कळलं होतं. सर्व्हरच्या पाठीमागच्या खाचा मी बोटानं मोजायला लागलो ते तू पाहिलंस. मग जेवताना, ताईसमोर, म्हणालास, "दाजी, आता बस करा. शटर खाली घ्या." मी म्हणालो, "आधी तू बाहेर हो, मग घेतो." तू ताटावरून उठलास. शटर काही खाली आलं नाही, पण तू बाहेर झालास. त्या दिवशी कोण चुकलं याचा पंच व्हायला मी बसलेलो नाही. तुला माझी काळजी होती आणि मला तुझ्या काळजीची चीड होती. दोन्ही खरं होतं, आणि एका ताटावर दोन्ही मावलं नाही.

तू मोठ्या कंपनीत लागलास. हजार सर्व्हरांच्या हॉलमध्ये काम करतोस असं ताईकडून कळतं. ती सांगत नाही, मी तिच्या फोनवरच्या बोलण्यातून उचलतो.

आता मुद्द्याचं. वीस तारीख जवळ आली. शेवटी ते दुकान माझं आहे, आणि हे मी आयुष्यात फार कमी वेळा केलंय, पण करतो. आजीबाईचा पासवर्ड दे. मागतोय.

तुझा,
दाजी


१७ मार्च

मेहुणेबुवा,

तुझा निरोप ताईनं वाचला. "पासवर्ड बदललेला नाही."

त्यापुढे बरंच काही होतं. तिचा अंगठा फोनच्या काचेवर दोनदा सरकला, मी ऐकलं. तुझ्या शिव्या तिनं गाळल्या. (शिव्या नव्हत्या. होत्या, पण थोड्या. – ताई)

दोन वर्षं! आजीबाईच्या कळफलकावरची धूळ मी रोज फडक्यानं पुसायचो. एकदाही जुना पासवर्ड टाकून बघितला नाही. कुलूप बदललेलंच असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. भंगारातल्या तिजोऱ्या घेतल्या तेव्हा पहिला धडा काय शिकलो? आधी मूठ फिरवून बघ, अर्ध्या उघड्याच असतात. गिऱ्हाइकाच्या तिजोरीला मी तो धडा लावला. तुझ्या वेळी विसरलो.

टाकला. उघडली. ताईनं फाइलमधली ओळ अक्षर-अक्षर वाचली. त्यात लिहिलंय की बूटलोडरनं पहिल्या पोर्टावर बोलावं, आणि तिथून पुढं प्रणालीनं पडद्यावर आणि दुसऱ्या पोर्टावर बोलावं. दुसऱ्या! मी पहिल्या पोर्टाला केबल लावून कान फाटेस्तोवर ऐकत होतो आणि हा पठ्ठ्या शेजारच्या दारातून बोलत होता. पडदा असता तर कळलं असतं, पण पडदा नाही.

आणि वेग केवढा? गोगलगायीचा. आजकाल इतक्या हळू वेगावर कुणी कुणाशी बोलत नाही. तू असला आळस करणाऱ्यातला नाहीस. मी ताईला म्हणालो, हे चुकून राहिलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय. कशासाठी?

मग टेबलाच्या पाठीमागे हात घातला. पहिली केबल लॅपटॉपला जाणारी. तिच्या बाजूला दुसरी एक बांधून ठेवलेली होती, तीच तुझी दोन वेढ्यांची गाठ. तिचं एक टोक मोकळं होतं, सर्व्हरला लावायचं. दुसरं टोक कुठं जातं ते बोटांनी चाचपत गेलो. टेबलाच्या कडेनं वर, फळीला खिळ्यानं ठोकलेलं, आणि थेट त्या करड्या डब्यात. तोच डबा, ज्यावर मी दोन वर्षं चहाचा कप ठेवत आलो. मला वाटायचं, तुझं जुनं मोडेम आहे, न्यायचं विसरलास. ताई दर आठवड्याला त्यावरचा कपाचा डाग पुसायची.

मोकळं टोक दुसऱ्या पोर्टाला लावलं. डब्याला वीज दिली. सर्व्हर चालू केला.

पंख्याचा सूर खाली आला, आणि डबा बोलायला लागला. ताईच्या हातातली कात्री पडली. आवाज कसा, तर सरकारी कचेरीत टेबलामागून येतो तसा, ना राग ना लोभ. एकेक ओळ वाचत गेला. नेटवर्क मिळालं. डिस्क मिळाली. डिस्क कोरी आहे. मग म्हणाला, "कामाला सुरुवात करू का? होय किंवा नाही." आणि थांबला.

हे तो रोज विचारत होता. दर वेळी. मी त्याला मुका म्हणायचो आणि तो होय-नाहीची वाट बघत उभा असायचा, आणि मी वैतागून त्याची वीज काढायचो.

म्हणून तो वेग. डब्याला त्यापेक्षा भरभर वाचता येत नाही. तू जायच्या आधी हे सगळं जोडून ठेवलंस. शटर खाली घ्या म्हणालास, आणि त्याच आठवड्यात, शटर उघडं राहिलं तर काय लागेल, ते फळीवर ठोकून गेलास. पहिला पोर्ट तुझा, दुसरा माझा. सांगितलं असतंस तर मी डबा रस्त्यावर फेकला असता, हे तुला ठाऊक होतं.

(यानंतर हे डब्यावरून हात फिरवत राहिले. मी पेन धरून बसले. मग म्हणाले, "काय लिहिलंस?" मी म्हटलं, अजून काहीच नाही. – ताई)

दाजी


२१ मार्च

मेहुणेबुवा,

हे पत्र छापील आहे, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. हे मी माझ्या बोटांनी टाइप केलंय. प्रत्येक ओळ संपली की डबा ती मला परत वाचून दाखवतो. त्याला माझ्या चुकाही जशाच्या तशा वाचायची खोड आहे. ताई शिवणाच्या खोलीत आहे. मशीन चालू आहे, तिला वाटतंय मी कामाचं काही करतोय. हे पत्र तिच्या हाताखालून गेलेलं नाही.

आधी कालची हकिकत. इंजिनियर बाई आल्या. टाचांचा आवाज ठाम, बोलणं मोजकं. खुर्ची ओढून बरोबर माझ्या उजव्या हाताला बसल्या. मी सर्व्हर चालू केला. डबा बोलायला लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "हा आवाज कुणाचा?"

मी म्हणालो, "माझ्या मेहुण्याचा."

त्यांना वाटलं थट्टा. हसल्या. डब्यावरचं होय म्हणायचं बटण मी दाबलं, काम सुरू झालं. बाई उठल्या, खोलीत फिरल्यासारखं करत सर्व्हरच्या मागं गेल्या. मला कळलं की आता परीक्षा होणार. नेटवर्कच्या केबलला ती प्लास्टिकची जीभ असते ना, ती दाबल्याचा बारीक टक्क झाला. डब्याला ओळ वाचायला वेळ लागतो, मला नाही. मी म्हणालो, "बाई, ती क्लिप परत बसवा, नीट टक्क होईपर्यंत." मग डबा मागाहून म्हणाला, नेटवर्क तुटलं. बाई पुन्हा हसल्या, या वेळी मोकळं. म्हणाल्या, "वेगवेगळ्या चार जणांकडे मी ही केबल काढली. तिघं पडद्याकडे बघत राहिले, एकानं माझ्याकडे बघितलं." सर्व्हर शेवटपर्यंत उभा राहिला. पूर्ण रॅक आपल्याकडे. किल्ली भंगारवाल्याला जात नाही. तो जरा हिरमुसलाय, त्याचा माझ्या फळ्यांवर डोळा होता.

आता जे ताईला लिहायला सांगता येत नव्हतं ते.

पहिलं पत्र पाठवायची कल्पना माझी होती. तिनं दोन वर्षांत एकदाही म्हटलं नाही की त्याला लिहा. तुझं नाव निघालं की विषय बदलायची. मलाही वाटलं, तिचा तुझ्यावर राग आहे. पाकिटावर पत्ता घालायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, तुझ्या फोनमध्ये असेल, बघून घाल. तिनं फोन उचलला नाही. पेन कागदावर टेकलं आणि पिनकोडपर्यंत एकदाही न अडखळता गेलं. तू त्या घरात राहायला गेलास त्याला वर्षही झालेलं नाही. नवा पत्ता माणसाला असा पाठ होत नाही, रे. तो कितीदातरी लिहून फाडलेला असावा लागतो.

हे मी तिलाच सांगून तिच्याचकडून कसं लिहून घेणार?

गेल्या चार दिवसांत तिचं मशीन पुन्हा दुपारभर चालतंय. मध्येच ती गुणगुणते. मी लॅपटॉप वाचून मागत नाही म्हणून गुणगुणते की तुझा निरोप आला म्हणून, ते मला आवाजावरून कळत नाही. एवढ्यापुरते माझे कान कमी पडतात.

तुझं उत्तर आता तिच्या फोनवर पाठवू नकोस. इथं पाठव, दुकानाच्या ईमेलवर. पत्ता तुला माहीत आहे, तूच केलेला आहे. दोन शब्दांत भागवू नकोस, आणि शिव्याही गाळू नकोस. या डब्याला तुझी ताई व्हायचं नाहीये, तो सगळं वाचतो.

किंवा लिहूच नकोस, ये. कप आता दुसरीकडे ठेवतो. बूटलोडर अजून तुझ्या पहिल्या पोर्टावरच बोलतो, ते मी तसंच ठेवलंय. तिथं ऐकायला कुणी नसतं.

दाजी